उकळणं, वाफ आणि ऊर्ध्वपातन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं चंबू धुण्यात गेली. मुलं, पालक, शेजारी, एकदा तर गॅरेजवाला, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम काही खास नाही. घाई असेल तर सहावा प्रश्न तेवढा वाचा, सगळा घोळ तिथेच होतो.

१. उत्कलनांक म्हणजे नेमकं काय? पाण्याची वाफ तर उन्हातसुद्धा होते की.

होते, म्हणून तर दोरीवरचे कपडे वाळतात. ते बाष्पीभवन. ते फक्त पृष्ठभागावरून चालतं आणि कुठल्याही तापमानाला चालतं. उकळताना वाफ पोटातून निघते, बुडबुड्यांनी. बुडबुडा टिकायचा तर आतल्या वाफेने बाहेरच्या हवेचा दाब पेलला पाहिजे, नाहीतर तो जन्मताच चेपला जातो. द्रव तापत जातो तसा वाफेचा दाब वाढत जातो. ज्या तापमानाला तो हवेच्या दाबाशी बरोबरी करतो, तो उत्कलनांक.

रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर हा आकडा ठरतो. ईथर 34.6 अंश सेल्सिअस, अ‍ॅसिटोन 56, मिथेनॉल 64.7, इथेनॉल (आपण नुसतं अल्कोहोल म्हणतो ते) 78.4, पाणी 100, ग्लिसरीन 290, पारा सुमारे 357. ईथरचा आकडा पुन्हा पाहा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी ईथरची बाटली उघडली तर ते चुलीशिवायच उकळू लागेल.

२. पाणी 100 अंशांनाच उकळतं ना? पुण्यात मोजलं तर 98 आलं, थर्मामीटर बिघडलाय का?

थर्मामीटर बरोबर आहे. 100 हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा, म्हणजे 760 मिलिमीटर पाऱ्याचा. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे बुडबुड्याला कमी जोर पुरतो. ढोबळमानाने दर 300 मीटरला एक अंश वजा करा. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर, तिथे 98. महाबळेश्वरला 95-96, कळसूबाईच्या माथ्यावर (1646 मीटर) साडेचौऱ्याण्णवच्या आसपास, लेहला जेमतेम 88. लेहच्या पातेल्यात डाळ तासभर खदखदली तरी बोटचेपी होत नाही, कारण ती खदखद 88 अंशांची असते.

कुकरमध्ये याच्या उलट. शिट्टीचं वजन वाफेला अडवून आतला दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट करतं आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जातं.

३. उकळी फुटल्यावर गॅस मोठा केला तर पाणी जास्त गरम होतं का?

नाही. लवकर आटतं, एवढंच. उकळतं आहे तोवर तापमान तिथेच अडकलेलं असतं, कारण येणारी सगळी उष्णता रेणू सोडवण्यात खर्च होते. हा खर्च केवढा असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. 25 अंशांचं एक किलो पाणी 100 पर्यंत न्यायला सुमारे 314 किलोज्यूल लागतात, आणि त्या उकळत्या पाण्याची सगळी वाफ करायला आणखी 2257. म्हणजे सातपटीहून जास्त. ही अप्रकट उष्णता. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट बसतो तो यामुळेच. वाफ कातडीवर पाणी होताना तो सगळा हिशेब तुमच्या हातावर चुकता करते.

ऊर्ध्वपातन (वाफ करायची आणि ती गार करून पुन्हा द्रव गोळा करायचा) महाग पडतं तेही यामुळे. एक लिटर पाणी ऊर्ध्वपातित करायला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी, विजेचं पाऊण युनिट लागतं.

४. मीठ घातलं की पाणी उशिरा उकळतं, मग भात लवकर शिजतो असं म्हणतात. खरं?

तत्त्व खरं, फायदा शून्य. एक किलो पाण्यात 58 ग्रॅम मीठ टाकलं तर उत्कलनांक एका अंशाने वाढतो. एवढ्या खारट भाताला घरात कोण तोंड लावेल?

पण हाच परिणाम पाहायचा असेल तर हिवाळ्यात कोल्हापूरच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभे राहा. काहिलीतला उसाचा रस सुरुवातीला पाण्यासारखाच शंभरीत उकळतो. पाणी उडत जातं, साखर दाटत जाते आणि उकळी वर सरकते, 105, 110, आणि गूळ उतरवायच्या वेळी 115 ते 118 च्या घरात. गुळव्या काही थर्मामीटर बाळगत नाही. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत वळतो आणि गोळी कशी जमते ते बघतो. प्रत्यक्षात तो उत्कलनांकच मोजत असतो, कारण त्या पाकात किती पाणी उरलंय हे तापमानही सांगतं आणि ती गोळीही. घरचा एकतारी-दोनतारी पाक म्हणजे याचीच लहान आवृत्ती.

साखर कारखान्यात मात्र इतकं तापवून चालत नाही. साखर करपते, रंग चढतो. म्हणून तिथे बंद पॅनमधली हवा ओढून घेतात आणि दाट रस 60-70 अंशांनाच उकळवतात. लेहचं पातेलं समजा, फक्त त्याहूनही उंचावर नेलेलं.

५. ऊर्ध्वपातन म्हणजे मग काय? हिंदी व्हिडिओत तर ‘ऊर्ध्वपातन’ म्हणून डांबरगोळ्या दाखवतात.

हा गोंधळ दरवर्षी दोन-चार मुलांचे गुण खातो. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे स्थायूची थेट वाफ होणं, कापूर किंवा डांबरगोळीसारखं. मराठीत त्याला संप्लवन म्हणतात. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळवून वाफ करायची, ती वाफ बाजूला नेऊन गार करायची आणि पुन्हा द्रव गोळा करायचा. हिंदीवाले याला आसवन म्हणतात. मराठी माध्यमाचा पेपर असेल तर मराठीतलाच अर्थ लिहा.

शब्द जुना आहे. रसशास्त्रात (आयुर्वेदाची धातू-औषधांची शाखा) पारा शुद्ध करण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन. वाफ वर, खाली की आडवी न्यायची, त्यावरून नावं. त्या हिशेबाने आपल्या शाळेतला तिरक्या नळीचा प्रयोग खरं तर तिर्यक्पातन ठरतो! आणि अधःपातनाचा सर्वांत मोठा कारखाना राजस्थानात जावरला होता. जस्ताचं खनिज कोळशासोबत तापवलं की हजार अंशांच्या पुढे जस्त सुटं होतं, पण जस्त 907 अंशांनाच उकळतं. म्हणजे ते जन्मतःच वाफ असतं आणि हवा लागली की जळून जातं. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावल्या, वाफ नळीतून खालच्या गार कप्प्यात उतरवली आणि तिथे धातू गोळा केला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट 1738 मध्ये घेतलं. जावरचं काम त्याच्या कितीतरी आधीचं.

६. अल्कोहोल 78 ला उकळतं, पाणी 100 ला. मग मिश्रण 80 अंशांवर धरून ठेवलं की सगळं अल्कोहोल निघून जाईल आणि पाणी मागे राहील, बरोबर?

चूक. अगदी चांगली मुलंही इथे अडखळतात, आणि काही गाइडंही हेच छापतात.

मिश्रणातले दोन द्रव रांगेत उभे राहून आपापली पाळी येण्याची वाट बघत नाहीत. मिश्रण एकत्रच उकळतं, स्वतःच्या वेगळ्या तापमानाला, आणि वाफेत दोघेही असतात. फरक एवढाच, की ज्याला उडायची घाई जास्त, त्याचा वाफेत वाटा जास्त. ऊर्ध्वपातनाची सगळी करामत या ‘वाटा जास्त’ मध्ये आहे.

आकड्यांत बघू. वजनाने 10 टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घ्या. आंबवलेल्या मळीत साधारण एवढंच असतं. हे मिश्रण 78 ला उकळत नाही आणि 80 लाही नाही. ते उकळतं 92 अंशांच्या आसपास. 80 अंशांवर धरून बसलात तर उकळीची वाट बघत बसाल. 92 ला जी पहिली वाफ निघते तिच्यात अल्कोहोल निम्म्याच्या आसपास असतं. दहाचे पन्नास झाले, पण उरलेले पन्नास पाणीच आहे.

आणि हे पन्नासही फक्त पहिल्या थेंबांचे. जसजसं अल्कोहोल निघून जातं तसतसं चंबूतलं मिश्रण पातळ होतं, उकळी 92 वरून 100 कडे सरकते आणि नळीतून येणाऱ्या थेंबांत पाणी वाढत जातं. मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणतात ते उगीच नाही. भट्टीवाल्याला राऊल्टचा नियम (मिश्रणाच्या वाफेत कोणाचा किती वाटा, ते सांगणारा) माहीत नसला तरी पहिली धार कडक आणि शेवटची पाणचट असते, हे पक्कं ठाऊक असतं.

आता त्या 50 टक्केवाल्या थेंबांचं पुन्हा ऊर्ध्वपातन केलं तर पहिली वाफ साधारण 77 टक्क्यांची. तिसऱ्यांदा केलं तर 84-85. चाळीसची उडी, मग सत्तावीसची, मग आठाचीच. पायऱ्या लहान होत जातात, आणि पुढे त्या कुठे थांबतात ते आठव्या प्रश्नात.

गोव्याची काजू फेणी हे याचं जितंजागतं उदाहरण. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर चढवला की पहिल्या फेरीत मिळतो हुर्राक. तो सौम्य, फळाच्या वासाचा, आणि उन्हाळ्याच्या त्या काही आठवड्यांपुरताच. हुर्राक पुन्हा भट्टीवर चढला की फेणी, 42 ते 45 टक्क्यांपर्यंत. एकाच मडक्यातली दोन ऊर्ध्वपातनं, आणि गोवेकर दोघांना वेगळी नावं, वेगळा मान देतो. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

७. साधं आणि प्रभाजी ऊर्ध्वपातन, कधी कोणतं?

पुस्तकी उत्तर: उत्कलनांकांत 25 अंशांहून जास्त फरक असेल तर साधं, कमी असेल तर प्रभाजी. काही पुस्तकांत भागशः म्हणतात, तेच ते. अ‍ॅसिटोन-पाण्याला (फरक 44) साधं चालतं. परीक्षेत हे लिहा. पण अल्कोहोल-पाण्यातला फरक 22 आहे आणि फेणी साध्या मडक्यात निघते, हेही लक्षात असू द्या. किती शुद्ध हवं, यावर पद्धत ठरते.

प्रभाजी म्हणजे वर सांगितलेली फेऱ्यांची मालिका एकाच उभ्या नळीत बसवणं. प्रयोगशाळेत त्या नळीत काचमणी भरतात. वाफ मण्यांवर गार होते, थेंब होतात, खालून येणारी गरम वाफ त्या थेंबांना पुन्हा उकळवते. नळीच्या टोकाला पोचेपर्यंत अशी अनेक छोटी ऊर्ध्वपातनं उरकलेली असतात.

मुंबईत माहुलच्या बाजूने जाताना तेलशुद्धीकरण कारखान्यांचे जे उंच मनोरे दिसतात, ते काचमण्यांच्या नळीचे थोरले भाऊ. कच्चं तेल 350 ते 370 अंशांपर्यंत तापवून मनोऱ्याच्या तळाशी सोडतात. वर जावं तसं मनोरा गार, म्हणून जड घटक खालच्या ताटांवर थांबतात आणि हलके वर जातात. डोक्यावरून स्वयंपाकाच्या गॅसचे घटक, त्याखाली पेट्रोल-नाफ्था, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी राहिलेला दाट गाळ. गाळ आणखी तापवला तर उकळण्याआधीच रेणू तुटतात, म्हणून तो निर्वात मनोऱ्यात कमी दाबावर उकळवतात. साखर कारखान्याची युक्ती इथेही.

यावरून एक प्रश्न हमखास येतो, की पेट्रोलचा उत्कलनांक किती? एक आकडा नाहीच. पेट्रोल हेच शेकडो घटकांचं मिश्रण आहे. ते साधारण 35 अंशांपासून उकळायला लागतं आणि 200 च्या आसपास संपतं.

८. पुन्हा पुन्हा केलं तर 100 टक्के अल्कोहोल मिळेल ना?

नाही, वजनाने 95.6 टक्क्यांवर गाडी अडते. तिथे मिश्रण 78.2 अंशांना उकळतं, म्हणजे शुद्ध अल्कोहोलपेक्षाही थोडं आधी, आणि वाफेतलं प्रमाण द्रवाइतकंच असतं. ‘वाटा जास्त’ ही गोष्टच संपली, तर वेगळं काय करणार? मनोरा कितीही उंच बांधा. अशा मिश्रणाला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचंही असंच आहे, पण उलट्या दिशेने: सुमारे 20 टक्क्यांचं द्रावण 108-109 अंशांना, पाण्याहूनही उशिरा उकळतं.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला हे उरलेलं पाणी चालत नाही. इथेनॉल पाण्याशी हातमिळवणी करून टाकीच्या तळाशी वेगळा थर करू शकतं. पूर्वी बेंझीनसारखा तिसरा द्रव घालून ही कोंडी फोडत. आता साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांत वाफ झिओलाइटच्या (अतिसूक्ष्म छिद्रांच्या खनिजाच्या) दाण्यांमधून नेतात. त्या दाण्यांची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो, इथेनॉलचा रेणू मोठा असल्याने बाहेरूनच पुढे जातो. शेवटचे चार टक्के ऊर्ध्वपातनाने निघत नाहीत, चाळणीने निघतात.

९. प्रात्यक्षिकात थर्मामीटर कुठे धरायचा? द्रवात बुडवला तर?

बुडवायचा नाही. फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर हवा, कारण आपल्याला पलीकडे जाणाऱ्या वाफेचं तापमान हवंय. वर ठेवलात तर आकडा कमी दिसेल, द्रवात ठेवलात तर जास्त.

कंडेन्सरमध्ये (वाफ गार करणाऱ्या दुहेरी नळीत) पाणी खालून सोडायचं आणि वरून काढायचं. वरून सोडलं तर बाहेरची नळी पूर्ण भरत नाही, हवेचे कप्पे राहतात आणि काच तडकू शकते. चंबूत चिनी मातीच्या, झिलई नसलेल्या तुकड्यांचे दोन-चार खडे टाका, पण गार असतानाच. गुळगुळीत काचेत बुडबुड्याला सुरुवात करायला जागा सापडत नाही, द्रव उत्कलनांकाच्या वर तापत राहतो आणि मग एकदम उसळतो. खडे विसरले म्हणून एका मुलाने ते उकळत्या चंबूत टाकले होते. छतावरचा डाग पुढच्या रंगकामापर्यंत होता.

आणि सगळा द्रव आटेपर्यंत चंबू तापवू नका. सुरुवातीचे थोडे थेंब बाजूला काढा, मधले ठेवा, तळाचं सोडून द्या.

१०. निलगिरीचं तेल तर 176 अंशांना उकळतं. पानं जळत कशी नाहीत?

पानांमधून पाण्याची वाफ नेतात म्हणून. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसतील तर दोघांच्या वाफेचे दाब सरळ बेरजेला येतात. बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते, म्हणजे शंभरच्या आतच. तेल थोडं थोडं वाफेबरोबर येतं, गार झालं की पाण्यावर तरंगतं, वरून काढून घ्यायचं. गवती चहाचं तेलही असंच निघतं. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगीतून बांबूच्या नळीने फुलांची वाफ भपक्यात (वाफ गोळा करायच्या भांड्यात) नेतात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, सुगंध धरून ठेवायला.

११. ऑक्सिजनही ऊर्ध्वपातनानेच मिळतो म्हणे. हवा उकळायची कशी?

आधी तिला द्रव करायचं. हवा दाबून, गार करून उणे 190 च्याही खाली नेली की ती पाण्यासारखी वाहते. मग मनोऱ्यात चढवायची. नायट्रोजन उणे 196 ला उकळतो, आर्गॉन उणे 186 ला, ऑक्सिजन उणे 183 ला. आर्गॉन आणि ऑक्सिजनमध्ये तीनच अंश! 25 अंशांचा पुस्तकी नियम इथे कुठे टिकतो? त्या तीन अंशांसाठी फार उंच मनोरा लागतो, बाकी तत्त्व काचमण्यांचंच.

एप्रिल 2021 मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले होते आणि ते भरून नागपूर-नाशिकला आले होते, ते आठवत असेल. त्या टँकरमधला द्रव ऑक्सिजन पोलाद कारखान्याच्या अशाच हवेच्या मनोऱ्यातून आला होता.

१२. घरी करून बघता येईल असं काही?

येईल. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी घ्या, चिमूटभर हळद टाका. मधोमध एक जड वाटी ठेवा, कोरडी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवा, म्हणजे मधला फुगवटा खाली येईल, आणि झाकणावर बर्फ. मंद आच. वीस-पंचवीस मिनिटांत वाटीत बिनरंगी, बिनखारट पाणी जमेल. झाकण घट्ट बसवायचं नाही, वाफेला फट हवी.

हाच प्रयोग व्हिनेगरवर करा. खिडकी उघडी ठेवा, वास येईल. वाटीतलं पाणी आंबटच निघतं, जेमतेम कमी. अ‍ॅसिटिक आम्ल 118 ला उकळतं, पाणी 100 ला, तरी दोघे मिळूनच वर येतात. सहाव्या प्रश्नाचं उत्तर जिभेवर.

अल्कोहोल, पेट्रोल, थिनर यांवर मात्र घरी काहीही करायचं नाही. त्यांची वाफ पेट घेते.

१३. आणि दारू? ‘पहिली धार फेकून दिली की विष जातं’, हे खरं का?

विनापरवाना दारू गाळणं हा महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे, हे आधी. आता रसायनाचं. मिथेनॉल 64.7 ला उकळतं म्हणून ते सगळं पहिल्या धारेत निघून जाईल, हा पुन्हा तोच रांगेचा गैरसमज. मिथेनॉल पाणी आणि इथेनॉलबरोबर सगळ्या धारेत थोडं थोडं येत राहतं. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती दारूच्या नावाखाली विकलेल्या मिथेनॉलने. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांची नस आधी जाते. वास किंवा चव यावरून ते ओळखता येत नाही.

१४. इन्व्हर्टरच्या बॅटरीत उकळून गार केलेलं पाणी चालेल? एसीचं ठिबकणारं?

उकळलेलं नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जागच्या जागी राहतात, उलट पाणी आटल्यामुळे दाटतात. एसीचं पाणी वाफेतूनच आलेलं असतं खरं, पण कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. दुकानातला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा, बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो.

१५. दूध उतू का जातं, पाणी का नाही?

उत्कलनांकाशी याचा संबंध नाही, दूध जवळपास पाण्याएवढ्याच तापमानाला उकळतं. वर साय धरते, खालची वाफ अडते, प्रथिनांमुळे बुडबुडे फुटत नाहीत, आणि मग सगळं एकदम वर येतं. पातेल्यावर आडवं लाकडी उलथनं ठेवलं तर थोडा वेळ मिळतो. फोन आला की तेवढाही पुरत नाही.